विष, औषध आणि मात्रा : पर्यावरणीय विषविज्ञानाच्या प्रशिक्षणातील एक उपेक्षित अंग

१

कोणत्याही शास्त्राच्या प्रशिक्षणाचा विचार होऊ लागला म्हणजे उपकरणे, पद्धती आणि ग्रंथ या तीन गोष्टींकडे प्रथम लक्ष जाते, आणि ते योग्यही आहे. पर्यावरणीय विषविज्ञान हे त्या दृष्टीने तरुण शास्त्र होय. फ्रेंच शास्त्रज्ञ रने ट्रुओ यांनी १९६९ मध्ये 'इकोटॉक्सिकॉलॉजी' ही संज्ञा रूढ केली. परंतु त्याआधीच, १९६२ मध्ये, रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथाने या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले होते. भारतात लखनौची औद्योगिक विषविज्ञान संशोधन संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली, आणि आज ती भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. नागपूर येथील, आज 'नीरी' या संक्षिप्त नावाने परिचित असलेली संस्था तर १९५८ पासून कार्यरत आहे. अशा संस्थांतून आणि विद्यापीठांतील प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांतून नवीन संशोधक तयार होतात. त्यांना नमुना कसा घ्यावा, तो कसा जतन करावा, वर्णलेखन कसे करावे आणि निष्कर्षांची सांख्यिकीय छाननी कशी करावी, हे शिकविले जाते. एक गोष्ट मात्र शिकविली जात नाही. ज्या माणसांच्या शेतातून, विहिरीतून आणि शरीरातून हे नमुने यावयाचे, त्या माणसांची भाषा या शास्त्राच्या संज्ञांशी कोठे जुळते आणि कोठे तिच्याशी फारकत घेते, याचा विचार कोणत्याही अभ्यासक्रमात क्वचितच आढळतो.

ही उणीव किरकोळ नाही. ती शास्त्राच्या पायाशीच आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण सोयीचे आहे.

२

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. कयाधू नदी हिंगोली शहरापासून वाहत पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगेच्या पलीकडे विदर्भाची हद्द सुरू होते. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा ही येथली पिके. आणि या सर्वांहून जिल्ह्याचे नाव ज्यामुळे दूरवर गेले आहे ती हळद. वसमतची हळद-बाजारपेठ प्रसिद्ध आहे, आणि हळदीच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी वसमत येथे शासनाने स्वतंत्र केंद्राची योजना केली आहे.

या जिल्ह्यात स्वतंत्र विद्यापीठ नाही. विज्ञानशाखेचा पदवीधर पुढील शिक्षणासाठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे वळतो, किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे, किंवा छत्रपती संभाजीनगरकडे. तेथे त्याने विषविज्ञानाचा विषय घेतला, तर त्याच्यापुढे एक मळलेली वाट असते. गोड्या पाण्यातील एखादा मासा किंवा शिंपला घ्यावा, काचेच्या टाकीत त्याला एखाद्या कीटकनाशकाच्या चढत्या प्रमाणांत ठेवावे, ९६ तासांत निम्मे प्राणी मरतील असे प्रमाण निश्चित करावे, आणि त्यांच्या यकृतात व कल्ल्यांत झालेले बदल नोंदवावेत. मराठवाड्यातील प्राणिशास्त्र विभागांतून अशा धर्तीचे प्रबंध बरेच झाले आहेत. त्यांचे शास्त्रीय मूल्य नाकारण्याचे कारण नाही. मूलभूत मापन हे कोणीतरी करावेच लागते. परंतु हा संशोधक ज्या कीटकनाशकाची परीक्षा करतो ते त्याच्याच गावी, त्याच्याच भाऊबंदांच्या पाठीवरील पंपातून, दर पावसाळ्यात उडत असते. त्या पंपापर्यंत मात्र त्याचे संशोधन पोहोचत नाही. कारण टाकीतील माशाला काही विचारावे लागत नाही. पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला विचारावे लागते. आणि विचारावयाचे म्हटले की भाषेचा प्रश्न उभा राहतो.

३

पहिलाच शब्द घ्यावा. मराठवाड्यात शेतकरी कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. 'औषध मारणे', 'औषध फवारणे', 'गवताचे औषध', 'अळीचे औषध' हे प्रयोग इतके स्वाभाविक झाले आहेत की, बोलणाऱ्याला त्यांत काही विसंगती जाणवत नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता 'औषध' हा शब्द 'ओषधी' म्हणजे वनस्पती यावरून आलेला. रोग्याला बरे करण्यासाठी दिलेली वनस्पती, पुढे बरे करणारे कोणतेही द्रव्य, आणि शेवटी पिकाला कीड व रोग यांपासून सोडविणारे द्रव्य, असा त्याचा अर्थविस्तार झाला आहे. पीक हा येथे रोगी आहे, कीड हा रोग आहे, आणि फवारणी हा उपचार आहे. रूपक म्हणून ते निर्दोष आहे. परंतु या रूपकात फवारणाऱ्या माणसाला जागाच नाही. रोग्याला औषध देणारा वैद्य त्या औषधाने आजारी पडेल, ही कल्पना या शब्दाच्या पोटात बसत नाही.

ही केवळ शब्दच्छलाची गोष्ट नव्हे, याचा प्रत्यय संशोधनाच्या प्रश्नावलीत येतो. 'आपण विषारी रसायनांचा वापर करता काय?' असा प्रश्न इंग्रजी नमुन्यावरून भाषांतरित झालेला असतो. 'नाही, औषध तेवढे मारतो' हे त्याचे प्रामाणिक उत्तर असू शकते. तरुण संशोधक 'नाही' या रकान्यात खूण करतो, आणि एक संपूर्ण कुटुंब त्याच्या तक्त्यातून अदृश्य होते. उत्तर देणाऱ्याने काही लपविलेले नसते; प्रश्न विचारणाऱ्याने चूक केलेली असते.

याच शब्दाची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात 'त्याने औषध घेतले' किंवा 'औषध प्याला' या वाक्याचा एक अर्थ आत्महत्येचा प्रयत्न असा होतो. तेच वाक्य दवाखान्यात, एखाद्या वृद्धेच्या तोंडून, गोळी घेतली एवढ्याच अर्थाने येते. संदर्भ आणि स्वर यांवरून गावातील माणसाला भेद कळतो. कागदावर उतरलेल्या नोंदीत तो भेद राहत नाही. शिवाय अपघाताने झालेली बाधा आणि हेतुपुरस्सर केलेले प्राशन यांत फरक करणे हे विषबाधेच्या कोणत्याही अभ्यासाचे पहिले काम असते. 'औषध' हा एकच शब्द दोन्हींवर पांघरूण घालतो. ते पांघरूण पुष्कळदा घरच्यांना हवेही असते, हे संशोधकाने समजून घ्यावयास हवे.

लक्षणांच्या बाबतीतही हेच घडते. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांच्या बाधेत घाम सुटतो, लाळ वाढते, डोळ्यांतून पाणी येते, दृष्टी अंधुक होते, बाहुल्या आकुंचित होतात. येथे 'तोंडाला पाणी सुटले होते काय?' असे कोणी विचारले, तर मराठी कानाला त्यातून चविष्ट पदार्थाची इच्छा ऐकू येईल. 'लाळ गळत होती काय?' असेच विचारावयास हवे. फवारणीचा मुख्य काळ श्रावणापासून आश्विनापर्यंतचा. भर दुपारी फवारणी केल्यानंतर घाम येऊन घेरी आली, तर मजूर 'ऊन लागले' असे म्हणतो. कधी 'वास लागला' असे म्हणतो. या दोन उक्तींतील अंतर फार मोठे आहे. दुसरीत श्वासावाटे झालेल्या बाधेची अचूक जाण आहे. पहिलीत बाधेचे कारणच बदलले आहे. ज्याला या दोन शब्दप्रयोगांचे मोल कळत नाही, तो कितीही मूल्यवान उपकरण हाती असले तरी योग्य वेळी योग्य माणसाच्या रक्ताचा नमुना घेणार नाही. या वर्गाच्या बाधेत रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची क्रिया मंदावते. परंतु ती तपासावी असे कोणाला तरी वाटले पाहिजे, आणि ते वाटणे रुग्णाच्या बोलण्यावर अवलंबून असते.

या गोष्टीचे गांभीर्य २०१७ साली दिसून आले. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षीच्या फवारणीच्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर बाधेने मृत्यू पावले, आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर चौकशी झाली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरते निर्बंध आले, संरक्षक साधनांचा प्रचार झाला. कपाशीची वाढलेली उंची, यांत्रिक पंपाचे बारीक तुषार, अनेक द्रव्यांचे मिश्रण अशी कारणे चर्चिली गेली. डब्यावरील मजकूर वाचणाऱ्यास समजतो काय, हा प्रश्नही त्या वेळी निघाला. पण तो 'अज्ञान' या एका शब्दात मिटविण्यात आला. तो मजकूरच दोषी असू शकेल, असा विचार फारसा झाला नाही.

४

तेव्हा तो मजकूर एक साहित्यकृती मानून वाचावयास हरकत नाही. हिंगोली जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत छापील स्वरूपात सर्वदूर पोहोचलेल्या मराठी मजकुरांत कीटकनाशकाच्या वेष्टनावरील लेबलाची गणना करावी लागेल. कृषी सेवा केंद्रातून ते घरोघर जाते. कीटकनाशक अधिनियम १९६८ चा, आणि त्याखालील नियम १९७१ चे. या नियमांनी लेबलाचे स्वरूप बारकाईने ठरवून दिले आहे. दर्शनी भागाच्या एक-सोळांश क्षेत्रात कोनावर उभा केलेला एक चौकोन असावा. त्याच्या वरच्या त्रिकोणात सूचक शब्द व चिन्ह, खालच्या त्रिकोणात रंग. विषाच्या तीव्रतेनुसार चार वर्ग आणि चार रंग : तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. मजकूर इंग्रजी व हिंदीबरोबर त्या प्रदेशातील भाषेतही असावा.

या रचनेमागील हेतू स्तुत्य आहे. निरक्षरालाही कळावे म्हणून रंग, आणि साक्षरासाठी शब्द. परंतु कृतीचे मूल्यमापन हेतूवरून करता येत नाही.

प्रथम रंगांचा विचार. रस्त्यावरील दिव्यांमुळे तांबडा, पिवळा, हिरवा असा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. त्यात पिवळा हा मधला, थोडे थांबा असे सांगणारा. लेबलाच्या क्रमात पिवळा हा अतिशय विषारी वर्गाचा रंग आहे. निळ्याला तर लोकमानसात धोक्याच्या श्रेणीत स्थानच नाही. हिरवा हा चुड्याचा, पिकाचा, समृद्धीचा रंग; तो विषाच्या वेष्टनावर आला की अभयाचे आश्वासन देतो. आणि ज्या जिल्ह्याची ओळख हळद आहे, जेथे लग्नाआधी अंगाला पिवळे लावतात आणि शेतमालाच्या पिवळेपणावर भाव ठरतो, तेथे पिवळ्या रंगाकडून भयाची अपेक्षा करणे म्हणजे संकेतशास्त्राचा प्राथमिक नियम विसरणे होय. संकेत हा बोलणाऱ्याच्या इच्छेने चालत नाही. ऐकणाऱ्याच्या सवयीने चालतो.

दुसरा विचार शब्दांचा. तांबड्या व पिवळ्या वर्गांसाठी सूचक शब्द 'विष' हा आहे. तांबड्याला त्याबरोबर कवटी व हाडांचे चिन्ह. निळ्या वर्गापासून 'विष' हा शब्द जातो आणि 'धोका' येतो. हिरव्याला केवळ सावधगिरीची सूचना. हे वर्ग कशावरून ठरतात? प्रयोगशाळेतील प्राण्यांपैकी निम्मे मारण्यास लागणाऱ्या मात्रेवरून. तोंडावाटे दिलेली ही मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅममागे ५१ ते ५०० मिलिग्रॅम असेल तर पिवळा वर्ग. ५०१ ते ५००० असेल तर निळा. म्हणजे ५०० वर जे विष आहे ते ५०१ वर विष राहत नाही. निसर्गात जी अखंड उतरण आहे, तिला भाषेने पायऱ्या पाडल्या आहेत. भाषेला तसे करावेच लागते. पण आपण पायऱ्या पाडल्या आहेत याचे भान वापरणाऱ्याला दिले पाहिजे. तरुण संशोधकालाही ते क्वचितच दिले जाते.

शिवाय ही श्रेणी एका मात्रेत मरणाऱ्या प्राण्याची आहे; वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात, श्वासात आणि त्वचेतून जाणाऱ्या माणसाची नाही. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या वर्गातले आहे. त्याच्यावर विशिष्ट उतारा नाही. उलट तांबड्या वर्गातील कित्येक ऑर्गॅनोफॉस्फेटांच्या बाधेवर अॅट्रोपिनसारखे उपाय वेळेवर झाले तर रोगी वाचू शकतो. म्हणजे रंगाच्या क्रमात जे खाली आहे ते रोग्याच्या नशिबाच्या क्रमात वर असू शकते. लेबल हे सांगू शकत नाही, कारण लेबलाची भाषा ही उंदराच्या मृत्यूची भाषा आहे.

तिसरा विचार वाक्यांचा. सर्वांत तीव्र वर्गासाठी नियमाने जी सूचना सांगितली आहे तिचा आशय असा की, गिळल्यास किंवा बाधेची लक्षणे दिसल्यास ताबडतोब डॉक्टरला बोलवावे. हे वाक्य मुळात दुसऱ्या समाजातले आहे. तेथे दूरध्वनी केला की वैद्य येतो. सेनगाव तालुक्यातील एखाद्या वस्तीवर डॉक्टरला बोलवावयाचे नसते. रोग्याला न्यावयाचे असते, आणि नेताना डबाही बरोबर न्यावयाचा असतो. 'बोलवा' आणि 'न्या' या दोन क्रियापदांतील अंतर म्हणजे वाया गेलेला तास. तसेच या वाक्याचा आरंभ गिळण्याने होतो. फवारणारा मजूर काही गिळत नाही. भिजलेल्या सदऱ्यातून ते त्याच्या पाठीत शिरते, गळणाऱ्या पंपातून कमरेवर उतरते, उलट्या वाऱ्याने नाकात जाते. व्यवसायातून होणाऱ्या बाधेचा मुख्य मार्ग त्वचा आहे, हे शास्त्राला ठाऊक आहे. पण शास्त्राच्या सर्वांत ठळक वाक्यात ते उतरलेले नाही. वेष्टनासोबत सविस्तर माहितीपत्रक असते, त्यात लक्षणे व प्रथमोपचार दिलेले असतात, हे खरे. परंतु बारीक टाइपात घडी घातलेला तो कागद पाणी वाहणाऱ्या बाईपर्यंत किंवा सालगड्यापर्यंत जातो, असे कोणी ठामपणे म्हणू शकेल काय? शेतमालक वाचतो, दुकानदार सांगतो, मजूर फवारतो. आणि मजकूर मात्र या तिघांना एकच व्यक्ती समजून लिहिलेला असतो.

५

येथवरचा विचार पाहून असा आक्षेप येईल की, विज्ञान हे आंतरराष्ट्रीय आहे, त्याची भाषा इंग्रजी आहे, आणि संशोधकाला मराठीच्या या गुंतागुंतीत अडकविणे म्हणजे त्याला मागे ओढणे होय. हा आक्षेप अर्धा खरा आहे. निबंध इंग्रजीत लिहावा, जगापुढे मांडावा. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु निबंधातील आकडे ज्या तोंडांतून येतात ती तोंडे मराठी आहेत. निष्कर्षाची भाषा कोणतीही असो, साक्षीची भाषा साक्षीदाराचीच असते.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. परिभाषा घडविली म्हणजे प्रश्न सुटेल, असे त्या पक्षाचे म्हणणे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले, आणि परिभाषाकोशांचे मोठे काम उभे राहिले. त्या कामाबद्दल कृतज्ञता बाळगूनही असे म्हणणे प्राप्त आहे की, 'अवशोषण', 'विषाक्तता', 'जैवसंचय' अशा घडणीचे शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभतात. बांधावर त्यांचा उपयोग नाही. शिवाय 'शोषण' हा शब्द उच्चारताच आजच्या मराठी माणसापुढे सावकार उभा राहतो, त्वचा नव्हे.

वस्तुतः या शास्त्रासाठी लागणारी क्रियापदे मराठीत पूर्वीपासून आहेत, आणि ती सर्पदंशाच्या अनुभवातून घडलेली आहेत. विष 'चढते', विष 'भिनते', विष 'उतरते'. शरीरात द्रव्य पसरणे, ऊतकांत मुरणे आणि शरीराबाहेर पडणे या तीन अवस्थांचे इतके नेमके वर्णन अन्य शब्दांनी क्वचितच होईल. संथ, दीर्घकालीन बाधेसाठी 'मुरणे' आणि 'साचणे' आहेत. 'विषबाधा' हा शब्द मात्र वर्तमानपत्रांनी लग्नाच्या जेवणावळीशी बांधून टाकला आहे. त्यातून अकस्मात, एकाच वेळी अनेकांना झालेली बाधा एवढाच बोध होतो. ज्या बाधेला वीस वर्षे लागतात तिला हा शब्द पुरत नाही. तेथे 'भिनलेले' असेच म्हणावे लागेल.

'मात्रा' या शब्दाची कथा तर विशेष बोधप्रद आहे. द्रव्य विषारी ठरते ते त्याच्या मात्रेमुळे, हे तत्त्व युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मांडले असे विषविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आरंभीच सांगतात. आयुर्वेदाच्या आठ अंगांत अगदतंत्राला स्वतंत्र स्थान आहे, आणि युक्तीने योजलेले विषही औषध होते, व अयोग्य योजलेले औषधही विष होते, हा विचार चरकसंहितेत आहे. मराठी बोलीनेही तो आपल्या परीने जपला आहे. 'मात्रा लागू पडणे', 'मात्रा न चालणे' हे वाक्प्रचार मात्रा आणि परिणाम यांचा संबंधच सांगतात. अर्थात विषविज्ञानाचे मूलतत्त्व शिकविण्यासाठी परकीय दाखला आवश्यकच आहे असे नाही.

पण बांधावर ही मात्रा मोजली जाते कशाने? मिलिग्रॅमने नव्हे; टोपणाने. 'पंपाला दोन टोपणे' हे तेथील प्रमाण. पंप पंधरा किंवा सोळा लिटरचा, टोपण ज्या त्या बाटलीचे, आणि कीड हटली नाही की 'अजून एक टोपण'. प्रशिक्षणार्थ्याने येथे काय करावे? टोपणाला अशास्त्रीय म्हणून सोडून द्यावे, की त्या बाटलीचे टोपण हाती घेऊन त्यात किती मिलिलिटर मावते ते मोजावे? पहिला मार्ग सोपा आहे. दुसरा शास्त्रीय आहे. लोकभाषेतील माप हे अडाणीपणाचे लक्षण मानले की विदा हरवते. तेच भाषांतर करण्याजोगे एकक मानले की विदा हाती येते.

'जोखीम' या शब्दातही असाच धडा आहे. एखाद्या द्रव्याच्या अंगची घातकता वेगळी, आणि विशिष्ट परिस्थितीत ती माणसाला भोवण्याची शक्यता वेगळी, हा भेद या शास्त्राचा कणा आहे. दुसऱ्या अर्थासाठी 'जोखीम' हा शब्द सुचविला जातो. परंतु मराठीत जोखीम ही 'पत्करावी' लागते. पत्करणारा ती जाणून घेतो. रोजंदारीवर आलेल्या मजुराने काय पत्करलेले असते? म्हणून हा शब्द वापरताना संशोधक नकळत एक नैतिक निर्णय देत असतो, याची जाणीव त्याला प्रशिक्षणातच व्हावयास हवी.

६

याचा अर्थ लोकभाषा नेहमी बरोबर असते, असा नव्हे. तसे मानणे हा उलट दिशेचा भाबडेपणा होईल. पाण्याच्या बाबतीत खेड्यातील माणूस गोडे, खारे, मचूळ, जड असे भेद जिभेने करतो, आणि ते पुष्कळदा अचूक असतात. परंतु नायट्रेटला चव नाही, रंग नाही, वास नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तिच्यात सवलत नाही. खत व मलमूत्र यांतून ते उथळ विहिरीत उतरते आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटवू शकते. अशा वेळी 'आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे' हे वाक्य खरे असूनही फसवे असते. जिथे भाषेची जाणीव संपते तिथे उपकरणाने पुढे जावयाचे असते. पण ती कोठे संपते हे कळण्यासाठी आधी ती कोठपर्यंत जाते हे शिकावे लागते.

'औषध' या शब्दाचे शेवटचे आणि सर्वांत बोलके उदाहरण गिधाडांचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूर येथील घट नोंदविली. रोगजंतूचा संशय बराच काळ घेतला गेला. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनावरून लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी दाखविले की, जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. गाईचे औषध गिधाडाचे विष ठरले. येथे कारण सापडण्यास जो विलंब लागला त्याची कारणे अनेक असतील. पण मृत पक्ष्यांच्या शवांकडून उलट पावलांनी गोठ्यापर्यंत जाऊन, 'या जनावराला काय दिले होते?' असा प्रश्न विचारणे हा उलगड्याचा निर्णायक टप्पा होता. तो प्रश्न प्रयोगशाळेत सुचत नाही.

हळदीच्या बाबतीतही अशीच सावधता हवी. बांगलादेशात हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी शिसेयुक्त लेड क्रोमेट वापरले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. हिंगोलीच्या हळदीवर त्यावरून कोणताही आरोप करणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या जिल्ह्याची उपजीविका या पिवळेपणावर आहे, त्या जिल्ह्याकडे आपल्या हळदीची शुद्धता स्वतः सिद्ध करू शकणारे तरुण संशोधक असले पाहिजेत. शिजविणे, वाळविणे, पॉलिश करणे या प्रत्येक टप्प्यावर काय मिसळले जाते आणि त्याला कोणते नाव आहे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. नाव ठाऊक नसेल तर नमुना मागता येत नाही.

७

या विवेचनातून प्रशिक्षणाविषयी तीन सूचना निष्पन्न होतात. पहिली, क्षेत्रीय कामाला जाणाऱ्या प्रत्येक संशोधकाने आरंभीचे काही आठवडे शब्दसंग्रहास द्यावेत. द्रव्यांची स्थानिक नावे, मापे, लक्षणे, कामांची विभागणी यांची नोंद करून ती रासायनिक नावांशी व मानक एककांशी जुळवून घ्यावी. हा संग्रह प्रबंधाचे परिशिष्ट न मानता पद्धतीचा भाग मानावा. दुसरी, प्रश्नावली मराठीत झाल्यावर तिचे मूळ न पाहिलेल्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून घ्यावे, आणि दोहोंतील तफावत नोंदवावी. भाषाविभागांतील विद्यार्थी या कामी विज्ञानविभागांना साहाय्य करू शकतील. अशी देवघेव दोन्ही विभागांच्या हिताची आहे. भाषाविज्ञानाला तीमधून अर्थविस्ताराचा जिवंत पुरावा मिळेल. तिसरी, निष्कर्ष हाती आल्यावर तो ज्या गावातून आला त्या गावात, त्या गावाच्या शब्दांत, मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज काम पुरे झाले असे मानू नये. ऐकणाऱ्यांपैकी एखादा 'तसे नाही' म्हणाला, तर तेही एक निरीक्षणच होय.

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र शासनाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. प्रोटॉनाच्या व्यासाहून कितीतरी सूक्ष्म असा लांबीतील बदल मोजणारे यंत्र या जिल्ह्यात येणार, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच तालुक्यात पाठीवरच्या पंपात किती टोपणे पडतात आणि ती टाकणारा माणूस संध्याकाळी कोणत्या शब्दांत आपले दुखणे सांगतो, हेही मोजण्याजोगे आहे. त्यासाठी लागणारे उपकरण स्वस्त आहे : एक वही, एक मोजपात्र, आणि ऐकण्याची सवय. यांतील पहिली दोन विभागात उपलब्ध असतात. तिसरी शिकवावी लागते, आणि ती शिकविण्याची जबाबदारी आज कोणत्याही अभ्यासक्रमाने स्वतःकडे घेतलेली दिसत नाही.